विश्वास ठेवायचा, टाकायचा नाही





गुरुवारच्या सत्संगानंतर प्रसाद वाटताना हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. महाराज सांगतात, माणसावर विश्वास ठेवा, समोरच्यात देव बघा. बाहेर मात्र सगळीकडून उलटंच ऐकू येतं. मध्यंतरी कितीतरी महिने फोन लावला की रिंगच्या आधी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची. बँक म्हणते कुणाला काही सांगू नका, पोलीस म्हणतात अनोळखी फोन उचलू नका, मुलं म्हणतात आई तू कशाला हात लावू नकोस. एका ज्येष्ठ गुरुबंधूंनी तर सरळ विचारलं, "सगळ्या जगावर संशय घेतच जगायचं असेल, तर इतकी वर्षं नामस्मरण करून मिळवलं काय?"

प्रश्न साधा नाही. म्हणून या वेळच्या लेखात आम्ही त्याचाच विचार करायचं ठरवलं. फसवणुकीच्या युक्त्या तर रोज फॉरवर्ड होत असतात. त्यांच्या मुळाशी असलेला धर्माचा प्रश्न कुणी फॉरवर्ड करत नाही.

*ग्वाल्हेरची गोष्ट*

2025 च्या मार्च महिन्यात आपल्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना एक फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, मी नाशिक पोलिसांतून बोलतोय, तुमच्या नावाचं खातं काळ्या पैशाच्या व्यवहारात सापडलंय. मग व्हिडिओ कॉल, वर्दीतले चेहरे, खोटी कागदपत्रं. स्वामीजींना त्यांच्याच खोलीत 'डिजिटल अटकेत' ठेवलं गेलं, आणि हे एक-दोन तास नाही, तर तब्बल 26 दिवस चाललं. तेवढ्या दिवसांत 2 कोटी 52 लाख रुपये वेगवेगळ्या खात्यांत गेले. सगळं उघडकीला आलं तेव्हा एप्रिल निम्मा होत आला होता.

ही बातमी आपल्या ग्रुपवर आली तेव्हा बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया होती, "अरे, संन्यासी माणूस, आणि फसला कसा?" आम्हाला वाटतं, इथेच आपण थांबून विचार करायला हवा. ज्यांनी घरदार सोडलं, ज्यांना स्वतःसाठी काही नको, ते लोभाने फसले असं कुणी म्हणू शकत नाही. त्यांना धरलं ते भीतीने, आणि ती भीतीसुद्धा बहुधा स्वतःच्या जिवाची नसावी. ज्या संस्थेचं नाव आपल्या खांद्यावर आहे, तिला बट्टा लागेल ही भीती असते. म्हणजे ज्याच्याकडे जपण्यासारखं काही आहे, तोच माणूस या जाळ्यात अडकतो. निर्लज्जाला कोण आणि कशाची भीती घालणार?

दत्तप्रभूंची उपासना करणाऱ्या आपल्याला हे नवीन वाटायला नको. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांचे चोवीस गुरू आहेत. त्यांतले काही गुरू कसे आहेत ते आठवा. मासा आमिषाला भुलून गळाला लागतो. हरीण गोड सुरांना भुलून पारध्याच्या हाती सापडतं. हत्ती हत्तिणीच्या ओढीने खड्ड्यात पडतो. पुढे पारधी लाकडाची हत्तीण उभी करायलाही शिकले. आणि कबुतर? जाळ्यात अडकलेली पिल्लं तडफडताना दिसली म्हणून ते आपणहून जाळ्यात उडी घेतं.

आता आजची नावं लावून बघा. 'शेअर बाजारात महिन्यात दुप्पट' हे आमिष. 'मॅडम, मी बँकेतून बोलतोय' हा गोड सूर. खोटी वेबसाइट, खोटी वर्दी, खोटा फोटो ही लाकडाची हत्तीण. आणि 'तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडलंय, ताबडतोब पैसे पाठवा' हे पिल्लांचं जाळं. फोन नवा आहे, यंत्र नवं आहे, गळ जुनेच आहेत. अवधूतांनी या प्राण्यांना गुरू केलं. फसलेल्या माणसाकडे बघायची आपली दृष्टी तशीच असायला हवी.

*'कुणाला सांगू नका'*

या सगळ्या जाळ्यांत एक धागा सारखा आहे. फोनवरचा माणूस हटकून बजावतो, घरात कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका, दार लावून घ्या. असं का? कारण शेजारच्या खोलीतल्या सुनेला जरी विचारलं, तरी खेळ संपतो. त्याला आपली अक्कल काढून घ्यायची नसते, आपली सोबत काढून घ्यायची असते.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. आपल्या देशाच्या कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस, सीबीआय, ईडी वा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग कृती करा. सर्वोच्च न्यायालयानेही या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि 1 डिसेंबर 2025 रोजी त्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला. केंद्र सरकारने संसदेत दिलेला आकडा असा आहे की 2024 या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे सुमारे 22,845 कोटी रुपये गेले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा सुमारे 7,465 कोटी होता. एका वर्षात तिप्पट.

आता साधकाच्या नजरेने बघा. सत्संग या शब्दातच 'संग' आहे. ज्या आवाजाला आपला संग तोडायचा आहे, तो आवाज कितीही अधिकाराने बोलला तरी सत् नाही, एवढी एक कसोटी आमच्या मते घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पुरते. महाराज कधी कुणाला म्हणाले आहेत का, की हे घरी सांगू नकोस? उलट घरच्यांना घेऊन या असंच सांगतात. म्हणून महाराजांचा फोटो लावलेल्या एखाद्या नंबरवरून 'गुप्त सेवा, तातडीने रक्कम पाठवा' असा मेसेज आला, तर श्रद्धा आहे म्हणूनच तो खोटा आहे हे आपल्याला ओळखता यायला हवं.

*दोष कुणाचा?*

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्याने ओटीपी सांगितला, ज्याने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, त्याचा दोष नाही का?

चूक आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आम्हाला वाटतं. दाराला कडी लावायची राहिली ही चूक. उघड्या दारातून आत शिरून तिजोरी नेणं हा अपराध. आपण मात्र संध्याकाळी बसून कडीचीच चर्चा करतो, चोराचं नावही निघत नाही. "एवढे शिकलेले आणि असे कसे फसले", "आम्ही तर सांगितलंच होतं." बोलणाऱ्याचे चार शब्द जातात, ऐकणाऱ्याचे मात्र पैसे जातात. ते कसे, सांगतो.

फसवणुकीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात असा मिनिटामिनिटाला पळत असतो. 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर बँका वाटेतच तो पैसा अडवू शकतात. उशीर झाला की रोख रक्कम काढली जाते आणि विषय संपतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व होतं. आपला आणि बँकेचाही दोष नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि आपण बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्या नियमाप्रमाणे आपल्यावर काहीच भार येत नव्हता. आपल्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पासवर्ड वगैरे सांगितल्यामुळे पैसे गेले असतील, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते त्या परिपत्रकाप्रमाणे बँकेचं होतं. म्हणजे कळवण्याच्या आधीचा प्रत्येक तास महाग आहे.

आणि तो तास कशात जातो? लाजेत. सासूबाई सुनेला सांगत नाहीत, वडील मुलाला सांगत नाहीत, दुकानदार बायकोला सांगत नाही. "लोक काय म्हणतील" या एका वाक्यात रात्र निघून जाते. म्हणून आम्ही म्हणतो, टोमणा मारणारा नकळत चोराला वेळ मिळवून देतो. आपल्या परिवारात कुणी फसलं तर पहिलं वाक्य "कसं काय फसलात" हे नको. पहिलं वाक्य हवं, "1930 लावला का? चला, आत्ता लावू." चर्चा, शिकवण, सगळं नंतर.

*छोट्या दुकानदाराचं दुःख*

आपल्या परिवारात फुलं-प्रसादाची दुकानं असलेले, किराणा आणि शिलाईचं काम करणारे, घरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना देणारे बरेच आहेत. त्यांना दोन्हीकडून मार बसतो.

2025 च्या जानेवारीत आपल्याच राज्यातल्या खजुराहोला काय झालं बघा. रात्रीच्या वेळी कुणी तरी दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर आपले क्यूआर कोड चिकटवून गेलं. त्यात पेट्रोल पंपही सुटला नाही. सकाळी गिऱ्हाईक स्कॅन करत होतं, पैसे देत होतं, आणि ते भलत्याच खात्यात जात होते. एका औषधाच्या दुकानात पैसे देताना वेगळंच नाव दिसलं, तेव्हा हा प्रकार लक्षात आला. गिऱ्हाइकाने प्रामाणिकपणे पैसे दिले, दुकानदाराने प्रामाणिकपणे माल दिला, तरी तोटा झाला. दोघं एकमेकांकडे संशयाने बघत राहिले ते वेगळंच.

महाकाल लोक 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालं तेव्हापासून आपल्या गावात येणाऱ्यांची गर्दी किती वाढली ते आपण रोज बघतो. 2028 च्या सिंहस्थाला ती किती होईल याची कल्पनाच करवत नाही. गर्दीबरोबर गळही येतात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये तीर्थयात्रेच्या खोट्या बुकिंगबद्दल देशभर इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या धर्मशाळा, हॉटेलं, सगळ्यांच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि जाहिराती निघाल्या होत्या. फोटो खऱ्या जागेचे, नंबर मात्र ठगांचा.

अशा वेळी पुढे काय होतं? समजा, लातूरहून किंवा नागपूरहून एक कुटुंब पैसे भरून रात्री अकराला दारात येतं. घरमालकाकडे बुकिंगच नाही, पैसेही आलेले नाहीत. त्याने काही केलेलं नाही, पण बदनामी त्याची होते. थकलेली म्हातारी माणसं पायरीवर बसलेली असतात. इथे कायदा घरमालकाला बांधत नाही. पण महाकालाच्या गावात राहतो म्हणणाऱ्याला धर्म बांधतो. निदान रात्रीपुरती बसायला जागा, पाणी, 1930 लावून देणं, आणि आपल्या नावाने खोटी जाहिरात चालू आहे ही तक्रार स्वतः करणं, एवढं तर करता येतं. ठगाने आपलं नाव चोरलं, तर ते नाव सोडवून आणायचं कामही आपलंच.

देवाच्या अगदी दारातही हे पोचलं आहे. डिसेंबर 2024 मध्ये भाविकांकडून दर्शनासाठी पैसे घेतल्याबद्दल महाकाल मंदिरातल्याच काही कर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. निकाल न्यायालय देईल. पण बाहेरगावच्या आपल्या बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की भस्मारती वा शीघ्रदर्शन मंदिर समितीच्या अधिकृत मार्गानेच करा. 'ओळखीने करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याला दिलेले शे-पाचशे रुपयेच उद्याच्या ठगाचं भांडवल असतं.

*नागद्याचा धागा*

आता ग्वाल्हेरच्या प्रकरणाकडे परत येऊ, कारण त्याचा एक धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. तपास करताना ग्वाल्हेरचे पोलीस आपल्या उज्जैन जिल्ह्यातल्या नागद्याला पोचले. पैसे ज्या खात्यांतून फिरले त्यांतल्या एकाचा माग इथे लागला होता. काही जणांना अटक झाली, त्यांत बँकेत काम करणारेही होते असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. त्यांचा निवाडा न्यायालयात होईल, आपण करायचा नाही. पण हे तंत्र समजून घ्यायला हवं.

मुख्य ठग दूर कुठेतरी, कधी परदेशातही बसलेला असतो. त्याला इथे खाती लागतात, आणि ती तो भाड्याने घेतो. "ताई, तुमचं खातं नुसतं पडून आहे. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड द्या, महिन्याला पाच हजार घ्या." कॉलेजचा मुलगा देतो, मजूर देतो, शिवणकाम करणारी बाई देते. त्यांचं म्हणणं असतं, "आम्ही कुणाला फोन केला नाही, कुणाला धमकी दिली नाही, नुसतं खातं दिलं."

'नुसतं' या शब्दाचा विचार करताना आम्हाला भर्तृहरीची गोष्ट आठवली. गढकालिकेजवळ क्षिप्राकाठची भर्तृहरी गुंफा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. लोककथेप्रमाणे राजाला अमरफळ मिळालं. त्याने ते प्रेमाने पिंगला राणीला दिलं. राणीने आपल्या मर्जीतल्या माणसाला दिलं. त्याने एका गणिकेला दिलं. आणि गणिकेने विचार केला, मी हे खाऊन काय करू, हे फळ राजाने खावं, आणि तिने ते राजाला नेऊन दिलं. राजाला सगळं कळलं आणि वैराग्य आलं.

वैराग्याची गोष्ट म्हणून आपण ही कथा ऐकतो. पण जरा निराळं बघा. फळ इतक्या हातांतून गेलं आणि प्रत्येकाने 'नुसतंच' पुढे दिलं. ज्याने दिलं त्याला विचारावं, त्याने कशासाठी दिलं होतं ते आठवावं, असं कुणालाही वाटलं नाही. हे कुणाच्या हक्काचं आहे, हा प्रश्न पडला तो फक्त जिला समाजात मान नव्हता तिला. त्या सगळ्यांत ठेवीचा धर्म पाळला तो तिनेच.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात वादाचे अठरा विषय मोजले आहेत. त्यांत 'निक्षेप' म्हणजे ठेव आहे, आणि लगेच 'अस्वामिविक्रय' म्हणजे जे आपलं नाही ते विकणं, हाही आहे. ठेवीतही एक खास प्रकार सांगितला आहे: आत काय आहे ते न सांगता बंद पेटीत सोपवलेली वस्तू. ती तशीच्या तशी बंद परत करायची असते. आज फोन दुरुस्तीला देतो, आधारची झेरॉक्स काढायला फोन दुकानदाराच्या हातात देतो, ती ही बंद पेटीच. आणि लोकांचे नंबर-पत्ते विकणारा जो कुणी असेल, त्याला अस्वामिविक्रय याहून नेमकं नाव आम्हाला सुचत नाही.

*आपल्या याद्या*

हे नागद्यापाशी संपत नाही. यात्रेला जायचं ठरलं की आपल्या ग्रुपवर काय होतं? "नाव, वय, फोन नंबर आणि आधारचा फोटो टाका." चाळीस जणांचे आधार कार्ड दोनशे जणांच्या ग्रुपवर येतात. यात्रा होते, परत येतो, प्रसाद वाटला जातो, आणि ते चाळीस फोटो दोनशे फोनांत कायमचे राहतात. त्यातला एखादा फोन हरवतो, एखादा विकला जातो, एखाद्यात 'लग्नाची पत्रिका' म्हणून आलेली एपीके फाइल कुणी उघडलेली असते. अशी फाइल उघडली की तो फोनच परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो. मग तीच पत्रिका आपल्या नावाने आपल्या सगळ्या नातेवाइकांना जाते, आणि आपलं नाव बघून ते निर्धास्तपणे उघडतात.

हेतू कुणाचाच वाईट नसतो, सगळं सेवेच्या भावनेनेच चालतं. पण अमरफळसुद्धा प्रेमानेच हातोहात गेलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या ऑगस्टमध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कायद्याची भाषा मोठी आहे, पण गाभा आपल्या आजीला कळेल इतका सोपा आहे. ज्या कामासाठी माहिती मागितली त्याच कामासाठी वापरा, जरुरीपेक्षा जास्त मागू नका, काम झालं की पुसून टाका. शेजारणीकडून मागून आणलेली परात आपण घासून परत करतो, तसंच हे.

*मग विश्वासाचं काय?*

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. विश्वास ठेवायचा की नाही?

आपली मराठी इथे वाट दाखवते. आपण म्हणतो विश्वास 'ठेवला'. कधी म्हणतो विश्वास 'टाकला'. ठेवणं आणि टाकणं यांत फरक आहे. टाकलेल्या वस्तूकडे आपण वळून बघत नाही. ठेवलेली वस्तू मात्र जागा बघून, झाकण लावून ठेवतो, आणि मधूनमधून आहे ना ते बघतो. लोणच्याची बरणी सुद्धा आपण कुठेही ठेवत नाही. मग विश्वास कुठेही का ठेवायचा? ज्याच्याकडे ठेवायचा त्याची जागा बघणं यात त्याचा अपमान नाही. उलट विश्वास मोलाचा आहे म्हणून ती काळजी.

आणि सावध राहणं अशुभ असतं तर लग्नात अंतरपाट धरल्यावर आपल्याकडे 'सावधान' म्हटलंच नसतं. दोन माणसं जन्मभराचा विश्वास एकमेकांवर ठेवत असतात, नेमकं त्याच क्षणी सगळे मिळून हा शब्द उच्चारतात. समर्थांनी तोच शब्द मनावर घेतला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे आपल्या परंपरेत श्रद्धा आणि सावधपण यांची जागा एकाच मांडवात आहे.

त्या ज्येष्ठ गुरुबंधूंना म्हणून आम्ही नम्रपणे सांगू, काका, संशय घेत जगू नका. फक्त घाईने विश्वास टाकू नका. खरा माणूस थांबायला तयार असतो. "मी फोन ठेवते, घरी विचारते, आणि बँकेच्या नंबरवर स्वतः लावते," असं म्हटल्यावर जो चिडतो, तो कोण आहे हे त्याने स्वतःच सांगितलेलं असतं. आणि नामस्मरणाने काय मिळवलं म्हणाल, तर घाबरलेल्या मनाला एक श्वास थांबता येणं, हेच मिळवलं. फोन आल्यावर आधी एकदा नाम घ्या, मग बोला. तेवढ्यात निम्मी भीती उतरते.

*आपण सर्वांनी मिळून करायचा संकल्प*

1. फसवणूक झाली तर आधी 1930, मग बँक, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. वस्तू वा सेवेबद्दलची ग्राहक तक्रार असेल तर 1915. हे दोन नंबर घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

2. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. दुकानदार बंधूंनी रोज सकाळी उदबत्ती लावताना आपला क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून नाव बघावं. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर न जाता आपल्या खात्यात रक्कम आली का ते बघूनच माल द्यावा.

3. बँकांच्या अधिकृत वेबसाइटचा शेवट आता 'डॉट बँक डॉट इन' असा असतो. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबर लावू नका. पासबुक किंवा कार्डाच्या मागचा नंबर बघा.

4. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते 'संचार साथी'वर बघता येतं, वर्षातून एकदा तरी बघा.

5. आपलं खातं, कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका, जवळच्या माणसालाही नाही. मुलांना हे खास समजावून सांगा.

6. यात्रा वा शिबिराची माहिती यापुढे ग्रुपवर टाकायची नाही. एका ठरलेल्या सेवेकऱ्याकडेच द्यायची, आणि कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत ती पुसली जाईल. पुसल्याचा मेसेज ग्रुपवर येईल. उज्जैनच्या गटाने हे या महिन्यापासून सुरू केलं आहे.

7. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. मुलाच्या आवाजात मदतीचा फोन आला तरी आधी तो शब्द विचारा.

8. कुणी फसलं तर टोमणा नाही. आधी हात, मग हिशेब.

हा लेख घरात मोठ्याने वाचा, विशेषतः ज्यांना छोटी अक्षरं दिसत नाहीत त्यांच्यासाठी. पुढच्या गुरुवारी येताना घरातल्या सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत धाकट्या माणसाला 1930 पाठ आहे का ते विचारून या. आम्ही प्रसादाआधी विचारणार आहोत!

श्रीगुरुचरणी अर्पण.

महिला सेवा गट, उज्जैन 🙏